पाचवं कात्रण

सेहेचाळिसाव्या पानावर बाईंना स्वतःचीच वाक्यं भेटली. आधी नुसतं वाटलं, की हा सूर कुठंतरी ऐकलाय. रस्त्यात पाठमोरं माणूस दिसावं आणि चालीवरून ओळखीचं वाटावं, तसं. मग 'सखेद नमूद करावे लागते' हे शब्द आले आणि हातातली पेन्सिल थांबली. शाळेच्या टाकीतील दूषित पाण्यामुळे चाळीस विद्यार्थी अत्यवस्थ झाले; सदर टाकी महिनाभर धुतली गेली नव्हती, असे सखेद नमूद करावे लागते. हे त्यांनीच लिहिलं होतं, चव्वेचाळीस वर्षांपूर्वी, भाड्याच्या खोलीत खिडकीशी बसून, स्वतःशीच हसत. 'सदर' घालायचा की 'उक्त' यावर त्यांनी तेव्हा चांगला अर्धा तास घालवला होता. जुन्या वर्तमानपत्रांची ती ताठ, इस्त्री केलेली भाषा आपल्याला हुबेहूब साधते, याचा त्यांना फार अभिमान होता. आता तीच भाषा शाळेच्या पंचाहत्तर वर्षांच्या इतिहासाच्या प्रुफात, गुळगुळीत कागदावर, सात ओळींत बसली होती. आणि आठव्या ओळीत, जे त्यांनी कधीच लिहिलं नव्हतं ते होतं: शिपायाचं नाव. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, पूर्ण.

"आई, चहा निवला," सून म्हणाली. तिनं सासूच्या चेहऱ्याकडं पाहिलं. "काय झालं? चुका फार आहेत का?"

"एकच आहे."

"मग खोडा की. तुमच्या हातात पेन्सिल असली की आम्हालाच धडकी भरते, त्या कागदांचं काय." सून एकीकडं फोन बघत होती. "हे बघा, सकाळी उठल्यावर डाव्या कुशीवर दहा मिनिटं पडलं की गुडघे दुखायचे थांबतात म्हणे."

"कोण म्हणतंय?"

"पाठवलंय कुणीतरी."

"हा कुणीतरी मला एकदा भेटायचाय," बाई म्हणाल्या. पण सवयीनं म्हणाल्या, लक्ष नव्हतं. सून हसली. या घरात बाहेर पाऊस आहे म्हणायचं तरी खिडकीतून हात काढून ओला करून दाखवावा लागतो, असं ती माहेरी सांगायची आणि माहेरचे लोक पोट धरून हसायचे. बाईंना ते ठाऊक होतं. त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. उलट बरंच वाटायचं.

शाळेत त्यांना पुरावाबाई म्हणत. तोंडावर नाही, पण फळ्यावर कुणीतरी लिहून ठेवायचं आणि त्या ते पुसत नसत. नववीच्या वर्गाला आठवड्यातून एक जादा तास त्यांनी मुख्याध्यापकांकडून भांडून घेतला होता. त्या तासाला पुस्तक नव्हतं, परीक्षा नव्हती. मुलांना त्या तीन प्रश्न विचारायला शिकवत. हे कोण सांगतंय? त्याला हे कसं ठाऊक? आणि हे सांगून त्याला काय मिळतं? वर्षानुवर्षं तेच तीन प्रश्न. मुलं मधल्या सुट्टीत एकमेकांना छळायला ते वापरत. 'माझी पेन्सिल तू घेतलीस.' 'हे कोण सांगतंय?' भिंतीवर पोपडे आलेली ती वर्गखोली, उन्हात तरंगणारी खडूची धूळ, तिसऱ्या बाकावर कोरलेलं कुणाचं तरी अर्धवट नाव, दुपारच्या तासाला मागच्या बाकांवरून येणारा डबे उघडल्याचा वास. बाईंना आजही डोळे मिटले की त्या खोलीत सरळ चालत जाता येई. कुठं पायरी आहे, कुठं फरशी हलते, सगळं पावलांना पाठ होतं. सारं आयुष्य एका बाजूला आणि तो आठवड्यातला एक तास दुसऱ्या बाजूला, असं त्यांनी एकदा नवऱ्याला सांगितलं होतं, आणि तो बिचारा म्हणाला होता, 'आणि मी?'

पाच कात्रणांचा खेळ त्यांनीच काढला. चार कात्रणं खरी, जुन्या वर्तमानपत्रांतली, पाचवं खोटं. मुलांनी आठवडाभर डोकं लढवायचं, ग्रंथालयात शोधायचं, म्हाताऱ्या माणसांना विचारायचं आणि खोटं कोणतं ते सांगायचं, कारणासकट. खोटं कात्रण बाई स्वतः लिहीत आणि भावाच्या छापखान्यात छापून घेत. जुन्या पिवळ्या पडलेल्या कागदाचे तुकडे भाऊ बाजूला ठेवायचा. मागच्या बाजूला जाहिरात छापायची, तीही अर्धी कापलेली, म्हणजे कात्रण कुठून तरी कापल्यासारखं दिसावं. केसांच्या तेलाची, नाहीतर बुटांच्या पॉलिशची. कडा चहाच्या पाण्यात बुडवून वाळवायच्या. 'मास्तरणीचा धंदा सोडून नोटा छापायला लाग,' भाऊ म्हणायचा. कितीतरी वर्षं तो खेळ चालला. दर वर्षी कुणीतरी खोटं पकडायचंच. ज्या वर्षी टाकीचं कात्रण होतं, त्या वर्षी कुणी पकडलं नाही.

टाकीच का? बाईंनी हा प्रश्न स्वतःला फार वेळा विचारला होता आणि दर वेळी त्याच्या कडेनं निघून गेल्या होत्या. म्हणायला, रोजची वस्तू घ्यायची म्हणून टाकी घेतली. कात्रणावर बारा वर्षांपूर्वीचं साल टाकलं, म्हणजे मुलांना आठवणीतून पकडता येऊ नये. शिपायाचं नाव त्यात नव्हतं, नुसतं 'शिपाई' होतं. पण शाळेला शिपाई एकच होता, वीस वर्षं तोच. सकाळी तो घंटा द्यायचा, टाकी भरायचा, मधल्या सुट्टीत मोठ्या जगमधून मुलांच्या ओंजळीत पाणी ओतायचा. पाणी ओतताना तो प्रत्येकाला काहीतरी विचारायचा, 'काय राव, गणित सुटलं का?' आणि उरलेल्या वेळात बाईंच्या वर्गाच्या दाराशी स्टुलावर बसून तो त्यांचा तास ऐकायचा. शिकलेला नव्हता, पण ऐकायचा मात्र मान कलती करून, एक शब्द न सोडता. त्या कात्रणाच्या पंधराएक दिवस आधीची गोष्ट. बाईंनी वर्गात बोलता बोलता सांगितलं, की आपल्या शाळेची ही पितळी घंटा एका जुन्या जहाजावरची आहे. दारातून आवाज आला. 'नाही बाई. ही बाजारातून आणली. मी होतो ना बरोबर, मीच डोक्यावरून आणली.' मग पहिल्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, 'बाई, जहाजाचं कोण सांगतंय?' आणि सगळा वर्ग फुटला. बाईही हसल्या. त्यांनी शिपायाला शाबासकी दिली. बघा मुलांनो, याला म्हणतात प्रत्यक्षदर्शी. तो लाजला. हे सगळं खरं होतं, त्या खरंच हसल्या होत्या. मात्र त्या दिवशी घरी जाताना त्यांचे कान गरम होते. पंधरा दिवसांनी टाकी सुचली. या दोन गोष्टींत काही नातं होतं की नव्हतं, हे ठरवायला लागणारा पुरावा ज्या एका ठिकाणी होता, तिथं बाई कधी उतरल्या नव्हत्या.

शुक्रवारी त्यांनी सांगितलं, कुणालाच आलं नाही, आणखी एक आठवडा देते. तो आठवडा आलाच नाही. शनिवारी भाऊ गेला. त्या महिनाभर रजेवर गेल्या. परत आल्या तेव्हा बदली शिक्षिकेनं पाचही कात्रणं प्रकल्पवहीत चिकटवून घेतली होती, खाली सुंदर अक्षरात माहिती लिहवून घेतली होती, आणि वर्गाची मॉनिटर असलेल्या मुलीच्या वहीला आंतरशालेय प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं होतं. मुख्याध्यापक त्यांना दारातच भेटले. 'बाई, तुमची पद्धत सगळ्या शाळांना लावायची म्हणतात वरचे लोक. पुढच्या महिन्यात बघायला येणार आहेत.' बाई वर्गात गेल्या. मधली सुट्टी झाली. टाकीपाशी शिपाई पाण्याचा जग घेऊन उभा होता आणि मुलं त्याच्यासमोरून सरळ नळाकडं जात होती. जाताना नाकं दाबत होती. 'जंतू' म्हणत होती. एका महिन्यात नावसुद्धा पडलं होतं. एक छोटी मुलगी पाणी प्यायला वाकली, तिला तिच्या मोठ्या भावानं ओढून नेलं. शिपाई म्हणाला, 'अरे, धुतलीय रे. आजच धुतलीय.' तो रोज धूत होता, हे बाईंनी पुढं पाहिलं. रोज, शिडी लावून, एवढ्या मोठ्या टाकीत उतरून.

उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं. मग लोक बघून जाऊ देत, मग सांगू. लोक आले, फार खूश झाले. त्यानंतर सांगायचं म्हणजे आधी का नाही सांगितलं ते सांगायचं. दिवस जितके गेले तितकं ते वाक्य लांब होत गेलं, आणि शेवटी एवढं लांब झालं, की एका श्वासात बोलताच येईना. शिपायाला दुसऱ्या वर्षी फाटकावर बसवलं. त्याची मुलगी सातवीत होती, तिनं शाळा सोडली. पुढं तो गेला.

"मी शाळेत जाऊन येते," बाई सुनेला म्हणाल्या.

"आत्ता? या उन्हात? फोन करा की."

"हे फोनवर सांगायचं नाही."

"परवा छपाईला जाणार आहे ना ते? मग एवढं काय?" तिनं पानात डोकावून पाहिलं. "सातच तर ओळी."

"आठ," बाई म्हणाल्या.

मॉनिटर ग्रंथालयाच्या खोलीत बसली होती. तिला अजून सगळे मॉनिटरच म्हणत, तिचे केस पांढरे झाले तरी. तीस वर्षं अभिलेख कार्यालयात जुनी कागदपत्रं तपासायची नोकरी करून ती नुकतीच निवृत्त झाली होती, आणि शाळेचा इतिहास तिच्या हातून कसा होतोय याकडं सगळ्या माजी विद्यार्थ्यांचं लक्ष होतं. बाईंना पाहून ती उठली, वाकली, त्यांना पंख्याखालची खुर्ची दिली. टेबलावर वह्या, नोंदवह्या, वार्षिक अंक, प्रत्येकातून चिठ्ठ्या डोकावत होत्या. बाईंना ते पाहून भरून आलं. आपण पेरलं ते इथं उगवलंय, असं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी त्याची भीती वाटली.

"सेहेचाळीस पानावरचं काढून टाक," त्या म्हणाल्या. "ते खोटं आहे. मी लिहिलं होतं."

मॉनिटर हसली नाही. तिनं वही ओढली, पेनाचं टोपण काढलं. "सांगा बाई. सगळं सांगा."

बाईंनी सांगितलं. भाऊ, छापखाना, चहाचं पाणी, तेलाची जाहिरात. घंटेचं सोडून सगळं. मॉनिटर लिहीत होती. तिचं लिहिणं बाईंना दिसत होतं: डाव्या बाजूला कोण, मध्ये काय, उजव्या बाजूला एक कोरा रकाना. तो रकाना त्यांनीच शिकवला होता, पुराव्यासाठी.

"छापखाना आता?"

"कधीच विकला. तिथं आता चपलांचं दुकान आहे."

"छपाईचा मसुदा, एखादी जास्तीची प्रत?"

"कोण ठेवतं गं असलं."

"तुम्ही ठेवायला सांगायचा." ती हे कुजकटपणानं म्हणाली नाही, आठवण करून द्यावी तसं म्हणाली. "बाई, माझ्याकडं काय आहे ते सांगते. मूळ कात्रण आहे, माझ्याच वहीत. कागद त्या काळाचा, छपाईचे खिळे त्या काळचे, मागं जाहिरात. शाळेच्या पन्नास वर्षांच्या अंकात त्याचा उल्लेख आहे. मुख्याध्यापकांच्या निरोपाच्या भाषणात आहे. आणि चार माजी विद्यार्थी आहेत. त्यातले एक गृहस्थ तर स्वतः त्या चाळिसांतले. तीन दिवस उलट्या होत होत्या म्हणाले, आई रडत होती."

"त्याला कुठल्यातरी दुसऱ्याच उलट्या आठवतायत. अगं, हे सगळे माझ्याच कात्रणावरून बोलतायत. दहा घरांत पाणी आलं म्हणून दहा विहिरी होत नाहीत. नळ एकच असतो. मी शिकवलंय तुला."

"शिकवलंय. पण नळ एकच आहे हे दाखवावं लागतं, हेही शिकवलंय." मॉनिटरनं एक नोंदवही उघडली, चिठ्ठी आधीच घातलेली होती की आत्ता घातली, बाईंना कळलं नाही. "तुम्ही म्हणालात, भावानं छापलं, आणि शुक्रवारी मुदत वाढवली, शनिवारी भाऊ गेले. ही रजेची नोंदवही. त्या वर्षीच्या तुमच्या रजेचं कारण 'स्वतःची शस्त्रक्रिया' असं आहे. भाऊ गेले ते आदल्या वर्षी. वार्षिक अंकात श्रद्धांजली आहे. हे बघा, तुम्हीच लिहिलीय."

बाईंनी पाहिलं. भाषा त्यांचीच होती. पोटावरच्या जुन्या वणावर त्यांचा हात नकळत गेला. हो, पित्ताशयाचं. दवाखान्याच्या खिडकीतून दिसणारं एक निळं पत्र्याचं छप्पर आठवलं, पण ते कोणत्या वर्षाचं ते छपराला विचारून सांगता येईना. मग छापलं कुणी? भावानंतर छापखान्यात जो जुळारी होता, खिळे जुळवणारा, त्यानं? त्याचा चेहरा त्यांनी शोधला. एक चष्मा सापडला, एक काळं बोट सापडलं. माणूस सापडला नाही. चव्वेचाळीस वर्षं बाई भावाच्या मरणाला गप्प राहण्याचं कारण म्हणून वापरत आल्या होत्या, आणि भाऊ त्यात नव्हताच.

"माझ्या वहीला बक्षीस मिळालं म्हणून मी अडून बसलेय असं तुम्हाला वाटेल," मॉनिटर म्हणाली. "वाटू दे. पण मी काय छापू? एक्याऐंशी वर्षांच्या शिक्षिका म्हणतात, मी खोटं लिहिलं, ज्यानं छापलं म्हणतात तो तेव्हा हयात नव्हता?"

"मी स्वतःच्या विरुद्ध सांगतेय. जो स्वतःच्या विरुद्ध सांगतो, त्याचं आधी ऐकावं. यात मला काय मिळतंय?"

"तुम्हाला झोप मिळेल," मॉनिटर म्हणाली. मग तिला ते जास्त झालं असं वाटलं असावं. तिनं पाण्याचा पेला पुढं केला. "आणि स्वतःच्या विरुद्ध सांगणाऱ्या तुम्ही एकट्याच नाही, बाई. मी शिपाईमामांच्या मुलीकडं गेले होते. आता तीही आजी झालीय. तिला वाईट वाटेल म्हणून हे छापू नको म्हणाली तर काढून टाकीन, असं ठरवून गेले होते. ती म्हणाली, छापा. वडील स्वतः सांगायचे, की माझ्या हातून चूक झाली. मरेपर्यंत सांगायचे. कात्रणावरच्या त्या साली त्यांची बायको वारली होती, महिनाभर त्यांना कशाची शुद्ध नव्हती, टाकी धुतली की नाही ते त्यांना आठवेना. म्हणून त्यांनी चौकशी केली म्हणे."

"कुणाकडं?"

मॉनिटरनं वहीचं पान उलटलं आणि सरकारी कागद वाचावा तशा आवाजात वाचलं. "'वडील म्हणायचे, वाटेल त्याचं ऐकून मी मान्य केलं नाही. शाळेत ज्यांना खरं-खोटं कळतं त्या बाईंना जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, छापून आलंय ना, मग असणारच काहीतरी.'"

पंखा फिरत होता. बाहेर मैदानात कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. शिक्षकखोलीचं दार, त्याला तेव्हा हिरवा रंग होता; दारात तो, टोपी हातात, आत पाऊल न टाकता उभा. बाईंपुढं उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. त्या रजेवरून येऊन चार-पाच दिवस झाले असतील. 'बाई, तुम्ही सांगता तसंच करतोय. ज्याला ठाऊक आहे त्याला विचारावं म्हणता ना. मला आठवत नाही हो काही. पण चाळीस लेकरं म्हणजे.' त्याचा आवाज तिथंच थांबला होता. सगळ्या इमारतीत त्यांना तेवढं एकच वाक्य बोलायचं होतं आणि ऐकणारा समोर उभा होता. शेजारच्या टेबलावर मुख्याध्यापक चहा पीत होते. बाईंनी मान वर केली नव्हती. लाल पेनानं एका चुकीच्या उत्तराभोवती गोल काढला होता, आणि गोल पुरा करता करता त्या ते बोलल्या होत्या. तो 'बरं' म्हणाला होता. त्या एका शब्दात त्याला केवढं हायसं वाटलं होतं. काय ते एकदाचं कळलं, असं. दुसऱ्या दिवसापासून त्यानं 'धुतलीय रे' म्हणणं बंद केलं. हे सारं बाईंना लख्ख आठवत होतं. साल चुकलं नव्हतं, माणूस चुकला नव्हता, दाराचा रंगही नाही.

"हे मी प्रुफात घेतलं नव्हतं," मॉनिटर म्हणत होती. "म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं. मुलीनं वडिलांकडून ऐकलेलं, म्हणजे तसं ऐकीवच. कागद काही नाही. आणि मला ते तुमचं बोलणं वाटेना. तुम्ही, आणि छापून आलंय म्हणून असेल म्हणणार? पण खरं असेल तर सात ओळींखाली घालावं लागेल, की बाईंनीही त्याला दुजोरा दिला होता." तिनं पेन्सिल उचलली. "असं झालं होतं का, बाई?"

हो म्हटलं, तर खोट्याला अजून एक खांब मिळत होता, आणि तो त्या स्वतः होत्या. नाही म्हटलं, तर शिपायानं मरेपर्यंत पोरीला सांगितलेली एकुलती एक खात्री त्याच्या हातून काढून घ्यायची. बाई हा हिशेब करत होत्या असं नाही. तसा हिशेब असतो हे त्यांना रिक्षात बसल्यावर सुचलं, आणि सुचल्याबद्दल त्यांनी स्वतःला थोडी माफीही देऊन टाकली. त्या क्षणी त्यांना दिसत होता तो फक्त मॉनिटरचा चेहरा: पांढऱ्या केसांखाली तोच चौदा वर्षांचा चेहरा, पहिल्या बाकावरचा, आपल्या बाईंकडं बघणारा. एवढं एक तरी वाईट ऐकावं लागू नये म्हणून आशेनं थांबलेला.

"नाही," बाई म्हणाल्या. "असं काही झालं नव्हतं."

"मला वाटलंच," मॉनिटर म्हणाली आणि तिचा चेहरा सैल झाला. मघापासून प्रत्येक शब्दाला तिनं कागद मागितला होता; या शब्दाला काही मागितलं नाही. तिनं मुलीच्या वाक्यांवर आडवी रेघ मारली, पुसट नाही, ठळक. मग समासात बारीक, सुबक अक्षरात तारीख घातली आणि तारखेपुढं लिहिलं: बाईंना समक्ष विचारून खात्री केली.